वळचण मोकळी ठेवा

"वळचणीचं पाणी आढ्याला गेलंय या घरात!" माळ्याच्या चौकोनी झाकणातून डोकं खाली काढत मोठे भाऊजी ओरडले. हातात बॅटरी, केसांत जळमटं आणि चेहऱ्यावर खजिना सापडल्यासारखा आनंद. "वर आढ्यापाशी लाकूड पार काळं पडलंय, चिंब ओलं. आणि खाली वळचणीपाशी ठणठणीत कोरडं! असलं उफराटं छप्पर मी जन्मात पाहिलं नाही."

आढं म्हणजे छपराचा सगळ्यात उंच कणा. वळचण म्हणजे भिंतीबाहेर झुकलेली खालची कड. पाणी आढ्यावर पडतं आणि वळचणीवरून निथळतं. उलटं कधी होत नाही, म्हणून तर कुठं काही उफराटं घडलं की आपण ही म्हण फेकून मारतो. भाऊजींनी ती बाबांना मारली. बाबा, म्हणजे माझे सासरे, तिथंच खाली खुर्चीत बसले होते, आणि ते छप्पर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं होतं.

बाबांना सगळे मिस्त्री म्हणतात. सगळी हयात सुतारकामात गेली. दुसऱ्यांची घरं, दुसऱ्यांची दारं, दुसऱ्यांचे पलंग. स्वतःसाठी त्यांनी एकच गोष्ट बांधली, हे छप्पर. आता गुडघे गेलेत. तीन वर्षांत शिडीच्या पहिल्या पायरीवरही पाय ठेवलेला नाही.

"सोमवारी ठेकेदार येतोय," शिडी उतरून हात झटकत भाऊजी म्हणाले. "सगळं उतरवायचं. कौलं, वासे, फळ्या, सगळं. वर सपाट स्लॅब टाकायचा. बाबा तोवर माझ्याकडे येतील."

हे 'तोवर' मला चांगलं कळतं. भाऊजी चौथ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट आठवड्यातून तीन दिवस चालते. एकदा वर गेलेले बाबा पुन्हा खाली येणार ते चौघांच्या खांद्यावर. मी तसं म्हणालेही.

"तोंड आवर," भाऊजी म्हणाले. "तक्तपोशी डोक्यावर कोसळली तर? तीन हिवाळे भांडी मांडून बसलाय तुम्ही. तीन छप्परवाले झाले. कौलं बदलली, आढं सिमेंटनं लिंपलं, डांबर फासलं. थांबलं का?"

थांबलं नव्हतं. उलट दर वर्षी वाढलं होतं. मधल्या खोलीच्या तक्तपोशीवर, म्हणजे माळ्याखालच्या लाकडी छतावर, काळे डाग होते आणि थंडीत सकाळी उन्हं वर आली की टप टप सुरू. खाली दोन पातेली, एक बादली आणि एक जुना कुकर. मी नवऱ्याकडे पाहिलं. माझा नवरा गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. इंजिन बिघडलं तर तासभर बोलेल, पण मोठ्या भावासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटते. तो पातेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिला.

आणि मग बाबा बोलले. हळू, जमिनीकडे बघत.

"हात चुकला असेल माझा."

 बाबांनी आयुष्यात खूप काही कबूल केलंय. भाजीत मीठ स्वतःच दोनदा टाकल्याचंसुद्धा. पण हात चुकल्याचं कधीच नाही.

भाऊजी निघाले तेव्हा मी दारापर्यंत गेले ती सोडायला नाही, भांडायला. पण त्यांनी स्कूटर लावली होती नेमकी वळचणीखाली, भिंतीला टेकवून. "इथं नाही लावायची," मी म्हणाले. "वळचण मोकळी ठेवायची, बाबांचा हुकूम आहे. तीन वर्षं मी इथं साधी बादली ठेवत नाही."

"छप्पर पडायला आलं आणि ही वळचण झाडतेय," भाऊजी म्हणाले आणि स्कूटरला लाथ मारून गेले.

आत आले तर बाबा नवऱ्याला सांगत होते, "एक पोतं दे." त्या पोत्यात त्यांनी एकेक करत हत्यारं घातली. रंधा, करवत, गुण्या, तीन पटाश्या. प्रत्येक हत्यार कापडानं पुसून. "नाक्यावरच्या कारखान्यात दे. कोणाच्या तरी कामाला येतील. ज्याचा हात चुकत नाही त्याच्या."

मी रात्रभर कूस बदलत राहिले. मला राग आला की झोप येत नाही आणि राग मला रोजच येतो.

सकाळी कामावर गेले. मी लाँड्रीत आहे, हॉस्पिटलच्या चादरींवर. लांबलचक शेड, वर पत्रा, मोठमोठ्या कढया, वाफेच्या इस्त्र्या. थंडीच्या दिवसांत आत उकाडा आणि बाहेर कुडकुड. माझ्या शेजारच्या टेबलावर मावशी असते. तिचं वय कोणाला माहीत नाही, तिच्या इस्त्रीपेक्षा जास्त आहे एवढं नक्की.

नऊच्या सुमाराला माझ्या घडी घातलेल्या चादरीवर टपकन थेंब पडला. मग दुसरा.

माझं डोकं फिरलंच होतं. "घ्या! इथंही गळायला लागलं. माझ्या कपाळी गळकं छप्परच लिहिलंय!"

"गळतंय म्हणे," मावशी इस्त्री न थांबवता म्हणाली. "दाराबाहेर बघ जरा. ऊन पडलंय लख्ख. गळायला पाऊस कुठाय, तुझ्या माहेरी?"

"मग हे काय आहे?"

"घाम आहे. पत्र्याला घाम फुटलाय. इकडून एवढी वाफ वर जातेय, पत्रा गार, मग ती बाहेर न जाता तिथंच बसते आणि आपल्या डोक्यावर उतरते." मग ती शेडभर ऐकू जाईल अशी ओरडली, "वरचा झरोका कोणी लावला गं? कोणाला एवढी थंडी वाजतेय?"

"मला!" कोपऱ्यातून आवाज आला.

"मग लग्न कर! झरोका कशाला लावतेस?"

शेड हसली. मावशीनं आकड्याच्या काठीनं भिंतीच्या माथ्यावरचा झरोका उघडला, मग समोरच्या भिंतीतली खालची खिडकीही. "नुसतं वरचं उघडून भागत नाही," ती मला म्हणाली. "खालून आत यायला वाट नको का? एका भोकाच्या बाटलीतून पाणी ओतून बघ, कसं गुडगुडतं ते."

पाऊण तासात थेंब थांबले. मी तिथंच उभी. माझ्या हातातली इस्त्री चादरीवर आणि मी कुठं तरी तिसरीकडेच. जळका वास आला तेव्हा भानावर आले. चादरीवर इस्त्रीचा पिवळा शिक्का उमटला होता. मुकादम जे बोलायचं ते बोलला. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

आमच्याकडे गळतं कधी? हा प्रश्न तीन वर्षांत कोणी कोणाला विचारलाच नव्हता. सगळा पावसाळा भांडी कोरडी असतात. गळतं ते थंडीत, आभाळ निरभ्र असताना, ऊन चढलं की. दुसरा छप्परवाला म्हणाला होता, "पावसाचं पाणी फळ्यांत मुरतं ताई, ते थंडीत सुटतं." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. मान डोलवायला अक्कल लागत नाही. आम्ही 'गळतंय' म्हणालो, त्यांनी 'गळतंय' ऐकलं आणि जो आला तो छपरावर चढला. माळ्यावर एकही चढला नाही. जखम मांडीला, मलम शेंडीला.

दोनला पाळी सुटली. मी घरी आले, पदर खोचला, बॅटरी घेतली आणि शिडी लावली.

"कुठं निघालीस?" बाबांनी विचारलं.

"घाम बघायला."

 घरात एकाचंच डोकं ठिकाणावर राहिलं होतं, आता तेही गेलं, असा चेहरा त्यांनी केला.

माळ्यावर मी पूर्वीही जायचेच. थंडीत कपडे लवकर वाळत नाहीत म्हणून तिथं मी दोरी बांधली होती. पण कपडे वाळत घालायला जाणारी बाई कपडे वाळत घालते. ती वर बघत नाही. आज मी वर पाहिलं.

कौलांखाली फळ्या, फळ्यांतून खाली आलेली खिळ्यांची टोकं, ओळीनं, शेकड्यांनी. आढ्याजवळच्या प्रत्येक टोकाला एकेक थेंब लोंबत होता. प्रत्येक टोकाला. भोकातून पाणी आलं असतं तर एका जागी आलं असतं, ओघळ उतरला असता. इथं ओघळ नव्हता. घामेजलेल्या कपाळासारखं सगळं सारखं दमट. उजव्या हाताला एक जाड प्लास्टिकचा पाइप तोंड उघडून उभा होता. मी त्याच्यासमोर हात धरला आणि जेवायला घरी आलेल्या नवऱ्याला हाक मारून बाथरूममधला पंखा लावायला सांगितलं. गरम ओलसर हवा भसकन हातावर आली. हा पंखा भाऊजींनी बसवला होता. त्यांचं बाथरूमच्या फिटिंगचं दुकान आहे. "वाफ बाहेर जाईल," म्हणाले होते. बाहेर! कौलाला भोक पाडायचा कंटाळा केला आणि पाइप माळ्यावर सोडून दिला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

मला इतका आनंद झाला की सांगते. सापडला चोर! पण मग मला वाटलं, हवा आत कुठून येते तेही बघावं, मावशी म्हणाली तसं. वळचणीच्या बाजूला छप्पर इतकं खाली येतं की पोटावर सरपटावं लागतं. मी सरपटत गेले. बॅटरी मारली.

भिंतीच्या माथ्यावर, वाशा-वाशांच्या मधल्या सगळ्या फटींत गोधड्यांचे बोळे. घट्ट, दाबून दाबून कोंबलेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक फट सुटलेली नाही. काम बाकी नीटनेटकं होतं. करणारीला मी ओळखत होते.

तीन हिवाळ्यांपूर्वी माळ्यावरून गार वारा येतो म्हणून मीच एका रविवारी ते सगळं बुजवलं होतं. धूळही येत होती. नवऱ्यानं तेव्हा कौतुक केलं होतं. आणि पुढच्याच महिन्यात तक्तपोशीवर पहिला डाग दिसला होता.

मी तशीच पोटावर पडून राहिले. खाली खुर्चीत एक म्हातारा माणूस आपली हत्यारं पोत्यात बांधून बसला होता, आणि त्याचा हात चुकला नव्हता. माझा चुकला होता. गप्प राहता आलं असतं. भाऊजींचा पाइप होताच, सगळं त्याच्यावर ढकलून रात्री गुपचूप बोळे काढता आले असते. एक क्षणभर तसं मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग मी एक बोळा उपटला. जाळी दिसली, जाळीतून उजेड आला आणि तोंडावर गार वारा लागला. फट बोटभर रुंद, कडा रंध्यानं गुळगुळीत केलेल्या. मी सरपटत मागे आले.

खाली येऊन बाबांसमोर जमिनीवर बसले. "बाबा, ते गळत नाहीये."

"बरं."

"खरंच. खिळ्यांना थेंब आहेत."

बाबांची मान वर आली. "टोकाला की मुळाशी?"

"टोकाला."

"सगळ्या खिळ्यांना?"

"आढ्याजवळ सगळ्यांना. खाली कमी."

"वळचण कोरडी?" आता आवाज बदलला होता. हा मिस्त्रीचा आवाज, लाकूड निवडतानाचा. "मग हवा कोंडलीये. रात्री गार फळ्यांना घाम धरतो आणि ऊन लागलं की टपकतो. पण कोंडेल कशी? वळचणीला बोटभर फटी सोडल्यात मी, जाळी मारून. वर आढ्याच्या कौलाखालीही तेवढीच वाट. खालून गार हवा येते, वरून दमट हवा जाते. पाणी आढ्याकडून वळचणीला उतरतं आणि हवा वळचणीकडून आढ्याला चढते. छपराला दोन्ही वाटा लागतात गं. आढं त्या सिमेंटवाल्यानं लिंपलं असेल एक वेळ, पण वळचण?"

मी हातातला बोळा त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी तो उलगडला. निळ्या-पांढऱ्या चौकटींचं कापड. त्यांच्या स्वतःच्या जुन्या गोधडीचा तुकडा.

"मी बुजवलं," मी म्हणाले. "सगळं. मला माहीत नव्हतं. थंडी वाजत होती."

नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, "मी पण खालून बोळे दिले होते, बाबा." कालपासूनचं त्याचं पहिलं वाक्य.

"पण मी सांगितलं होतं की तुला!" बाबा म्हणाले. "शिडी चढायची बंद केली त्याच वर्षी. म्हणालो नव्हतो, सूनबाई, काही झालं तरी वळचण मोकळी ठेव?"

"म्हणून तर ठेवली! रोज झाडते, बाबा! सायकल हलवली, बादल्या हलवल्या, कुंड्या हलवल्या. काल भाऊजींना स्कूटर..."

मी थांबले. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या मनातली वळचण छपराच्या कडेची, जिथून हवा आत येते. माझी वळचण त्याच कडेखालची जमीन, जिथं माणूस पावसात आडोशाला उभा राहतो. शब्द एकच. तीन वर्षं मी खालची वळचण आरशासारखी लख्ख ठेवली होती आणि वरची गोधड्यांनी गच्च भरली होती.

आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं, रडतायत. मग आवाज बाहेर आला. बाबा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खोकला लागेपर्यंत, खुर्चीचे हात धरून. "माझ्याच गोधडीनं माझ्याच छपराचं नाक दाबलं! आणि वर रोज झाडू मारते! ओले कपडे कुठं वाळवतेस थंडीत?"

"माळ्यावर," मी म्हणाले.

त्यांनी कपाळावर हात मारला आणि पुन्हा हसायला लागले.

मग एकदम थांबले. गोधडीच्या तुकड्यावर हात फिरवत म्हणाले, "म्हणजे माझा हात..."

"नाही चुकला, बाबा."

त्यांनी गोधडीचा तुकडा घडी घालून बाजूला ठेवला. मग नवऱ्याला म्हणाले, "ते पोतं आण इकडं." त्यातली सगळ्यात रुंद पटाशी काढून त्यांनी त्याच्या हातात दिली. "उद्या आढ्यावर चढ. सिमेंट खरवडून काढ, पण वरचं कौल फोडलंस तर खाली येऊ नकोस."

शनिवारी नवरा छपरावर, मी माळ्यावर आणि बाबा अंगणात खुर्ची टाकून, दोघांनाही शिव्या देत. "अरे हळू! ते लाकूड आहे, तुझं इंजिन नाही!" मी सात पोती बोळे काढले. भाऊजींच्या पाइपला जोड देऊन तो भिंतीतून थेट बाहेर काढला, नवऱ्यानं, वर्कशॉपातून आणलेल्या क्लिपा लावून. कपड्यांची दोरी सोडली. दुपारी आढ्याखालची फट मोकळी झाली आणि माळ्यावर वारा सुरू झाला. मोठा नाही. बॅटरीच्या उजेडातली धूळ वळचणीकडून उठून हळूहळू वर सरकताना दिसली आणि आढ्याच्या फटीतून निघून गेली. मी बाबांना वरूनच ओरडून सांगितलं. "चढतेय, बाबा! वळचणीकडून आढ्याला!"

"मग कुठं जाणार?" खालून आवाज आला. तोरा परत आला होता.

तक्तपोशीवर मात्र आम्ही जुन्या गाद्यांचा कापूस पसरला, खोली उबदार राहावी म्हणून, पण फटींपासून हातभर लांब. ऊब खाली कोंडायची, माळा गार आणि वाहता ठेवायचा. हेच मी तीन वर्षं बरोब्बर उलटं केलं होतं.

रविवारची रात्र कडक थंडीची. सोमवारी सकाळी मी भांड्यांसमोर बसले. ऊन वर आलं. कौलांवर चढलं. पातेली कोरडी, बादली कोरडी. पण माझी धाकधूक गेली नव्हती. थेंब थांबले, ठीक आहे. फळ्या आतून कुजल्या असतील तर छप्पर जाणारच होतं, मग कोणाचा हात चुकला याला काय चाटायचंय?

दहाला भाऊजी ठेकेदाराला घेऊन आले. ठेकेदार जाडजूड, कमी बोलणारा, धापा टाकत शिडी चढला. बरोबर स्क्रू-ड्रायव्हर होता. खाली आम्ही चौघं. वरून आवाज येत होता, टक, टक, टक. लाकडात टोचून बघत होता. कुजक्या लाकडात स्क्रू-ड्रायव्हर मऊ रुततो, आवाज येत नाही. बाबा डोळे मिटून मोजत असल्यासारखे ऐकत होते. टक. टक. मग एक भुस्स झालं. बाबांनी डोळे उघडले. पुन्हा भुस्स. मग टक, टक, टक, शेवटपर्यंत.

ठेकेदार उतरला. पाणी मागितलं. प्यायला. मी मनात त्याला हजार शिव्या घातल्या.

"आढ्याजवळच्या दोन फळ्या गेल्यात," तो म्हणाला. "त्या बदला. बाकीच्या ओल्या आहेत, आता वारा लागतोय, महिन्याभरात सुकतील. वासे असे आहेत की मी आणि तुम्ही जाऊ, ते राहतील. हे उतरवायला सांगणारा माणूस मूर्ख." मग भाऊजींकडे वळून, "कोणी सांगितलं होतं?"

भाऊजी भिंतीकडे बघायला लागले.

"आणि तो बाथरूमचा पाइप आधी माळ्यावर सोडलेला दिसतो, फळीवर गोल डाग आहे. तो कोणी सोडला होता?"

भाऊजी दुसऱ्या भिंतीकडे बघायला लागले.

"राहू दे," बाबा म्हणाले आणि भाऊजींकडे वळले. "माझ्या घरात माणसं प्रेमानं भोकं बुजवतात आणि प्रेमानंच वाफ सोडतात. आणि तू खरं तेच बोललास रे पोरा. वळचणीचं पाणी आढ्याला गेलं होतं. मीच आधी मिस्त्रीसारखं ऐकलं नाही, बापासारखं ऐकलं."

ठेकेदारानं जाता जाता विचारलं, छप्पर कोणी बांधलं. बाबांनी नुसता हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा.

तीन हिवाळे त्या भांड्यांत पाणी पडत होतं. त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला. मी पातेली उचलून घासायला नेली, तर मागून खडखड ऐकू आली. बाबा पोतं उलटं करत होते. दोन फळ्या बदलायच्या होत्या, आणि त्या ते दुसऱ्या कोणाला कापू देणार नव्हते.

भाऊजी निघाले. दारात घुटमळले. स्कूटर त्यांनी या वेळी मुद्दाम लांब रस्त्यावर, उन्हात लावली होती. "पुढच्या वेळी कुठं लावू?" त्यांनी मला विचारलं. आवाजात काटा नव्हता.

"लावा की भिंतीला टेकवून," मी म्हणाले. "ती वळचण नव्हे."